स्टार ट्रेकच्या ‘स्पिन-ऑफ’ मालिकांवर चाहते इतकी वर्षं का भांडत आहेत?

जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन’ ही मालिका सुरू झाली आणि ‘स्टार ट्रेक’च्या अनेक जुन्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. नावातच ‘ट्रेक’, म्हणजे लांबचा खडतर प्रवास. पण या मालिकेत प्रवासच नव्हता. आधीच्या मालिकांमध्ये एक यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जायचं. इथे मात्र सगळी मंडळी एका अंतराळ स्थानकावर मुक्कामाला होती. ‘हे लोक कुठे जातच नाहीत’, ही तक्रार मालिकेच्या मागे पहिल्या वर्षापासून लागली.

आज हीच मालिका असंख्य चाहत्यांच्या यादीत पहिली किंवा दुसरी असते. तिचा एकही भाग मधल्या काळात बदललेला नाही. बदलला तो बघणाऱ्यांचा निकाल.

गाजलेल्या मालिकेतून दुसरी मालिका काढली की चाहत्यांत दोन तट पडतात. सायन्स फिक्शनमध्ये हे भांडण जरा जास्तच जोरात चालतं. एक म्हणतो, ही मूळ मालिकेची थट्टा आहे. दुसरा म्हणतो, मूळ मालिकेला जे जमलं नाही ते हिने केलं. हा वाद नेमका कशावरून होतो, त्यात कोणाचं म्हणणं कधी खरं ठरलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते समजून घेऊया.

स्पिन-ऑफ म्हणजे नेमकं काय?

एखाद्या मालिकेतलं पात्र, ठिकाण किंवा त्यातलं काल्पनिक जग घेऊन जेव्हा वेगळी मालिका तयार होते, तेव्हा तिला स्पिन-ऑफ म्हणतात. हिंदीतल्या ‘कुमकुम भाग्य’मधून ‘कुंडली भाग्य’ निघाली, हे आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण.

याच्या आसपासचे काही शब्द नेहमी एकमेकांत मिसळले जातात. गोष्ट पुढे नेली तर तो सीक्वल. गोष्टीच्या आधीचा काळ दाखवला तर तो प्रीक्वल. ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा सीझन असा प्रीक्वल होता. जुनी गोष्ट पुसून पहिल्यापासून नव्याने सांगितली तर तो रीबूट. एखादी मालिका स्पिन-ऑफ आणि प्रीक्वल दोन्ही असू शकते.

आणखी एक शब्द आहे, ‘बॅकडोअर पायलट’. चालू मालिकेच्या एखाद्या भागात नवी पात्रं आणायची, लोकांना ती आवडतात का बघायचं आणि आवडली तर त्यांची स्वतंत्र मालिका काढायची, अशी ही मागच्या दाराने घेतलेली चाचणी असते.

निर्मात्यांना स्पिन-ऑफ का हवा असतो, हे उघड आहे. सायन्स फिक्शन मालिका महाग असते. यानाचा सेट, पोशाख, परग्रहवासीयांचे मुखवटे, स्पेशल इफेक्ट्स हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं. एकदा उभं केलेलं पुन्हा वापरता आलं तर खर्च वाचतो. वर नावाला ओळख असते, म्हणजे पहिल्या दिवशी प्रेक्षक हमखास येतो. तो दुसऱ्या आठवड्यात टिकतो का, हा पुढचा प्रश्न.

पहिला प्रयत्न फसला, दुसरा पडद्यावर आलाच नाही

मूळ ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका तीन सीझन आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिसरा सीझनही चाहत्यांनी वाहिनीला पत्रांचा भडिमार केल्यावर मिळाला होता.

या मालिकेतून स्पिन-ऑफ काढण्याचा पहिला प्रयत्न ती चालू असतानाच झाला. मार्च १९६८ मध्ये दाखवलेल्या ‘असाइनमेंट : अर्थ’ या भागात गॅरी सेव्हन नावाचं नवं पात्र होतं. तो भाग म्हणजे बॅकडोअर पायलटच होता. त्यावर मालिका कधीच निघाली नाही.

मालिका बंद झाली, पण अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवर तिचे जुने भाग पुन्हा पुन्हा लागत राहिले आणि १९७० च्या दशकात तिचा चाहतावर्ग उलट वाढला. १९७७ मध्ये पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक : फेज टू’ नावाच्या नव्या मालिकेची तयारी सुरू केली. या मालिकेचा मुंबईशी थेट संबंध आहे. इलिया या टक्कल असलेल्या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी निवड झाली होती पर्सिस खंबाटा यांची. मुंबईत जन्मलेल्या खंबाटा १९६५ च्या फेमिना मिस इंडिया होत्या.

पुढे बेत बदलला. ‘स्टार वॉर्स’सारख्या चित्रपटांचं यश बघून पॅरामाउंटने मालिका रद्द केली आणि चित्रपट काढायचं ठरवलं. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’मध्ये खंबाटा डोक्याचं मुंडण करून इलिया म्हणून दिसल्या. मालिका मेली तरी तिच्यासाठी रचलेली पात्रं मेली नाहीत. इलिया आणि तिचा जुना प्रियकर डेकर या जोडीवरूनच पुढच्या मालिकेतली ट्रॉय आणि रायकर ही जोडी बेतली गेली.

‘कर्क नाही, स्पॉक नाही, मग हे स्टार ट्रेक कसं?’

ती पुढची मालिका म्हणजे ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’. सप्टेंबर १९८७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा विरोध अगदी साधा होता. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय नसतील तर ती ‘स्टार ट्रेक’ नाहीच. कर्क धाडसी, मारामारीला तयार. नवा कॅप्टन पिकार्ड मध्यमवयीन, टक्कल पडलेला, चहा पिणारा आणि शस्त्र उचलण्याआधी बोलणी करणारा.

चाहत्यांचा राग निर्मात्यांना अपेक्षित असावा. पहिल्याच भागात अतिवृद्ध झालेले डॉक्टर मॅकॉय नव्या यानावर येऊन जातात. घरातल्या मोठ्या माणसाने नव्या सुनेची ओटी भरावी, तसा हा प्रकार. पुढे ही रीतच पडली. ‘डीप स्पेस नाईन’च्या पहिल्या भागात पिकार्ड येतो, ‘व्हॉयेजर’च्या पहिल्या भागात ‘डीप स्पेस नाईन’मधला बारमालक क्वार्क येतो.

‘नेक्स्ट जनरेशन’चे पहिले दोन सीझन कमकुवत होते, हे तिचे कट्टर चाहतेही मान्य करतात. १९८८ मध्ये लेखकांच्या संपामुळे दुसरा सीझन २२ भागांवर आला आणि शेवटचा भाग जुन्या दृश्यांची जोडाजोड करून उरकावा लागला. तिसऱ्या सीझनमध्ये मायकेल पिलर यांच्याकडे लेखनाची सूत्रं गेली आणि मालिकेला सूर सापडला. जून १९९० मध्ये त्या सीझनच्या शेवटी पिकार्डला बोर्ग शत्रूंनी आपल्यातलाच एक केलं आणि प्रेक्षक उन्हाळाभर पुढच्या भागाची वाट बघत बसले. त्यानंतर ‘हे स्टार ट्रेक आहे का’ हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

यावरून इंग्रजी चाहत्यांमध्ये एक वाक्प्रचार रुळला आहे. दुसऱ्या सीझनमध्ये रायकरने दाढी वाढवली आणि मालिका हळूहळू सुधारू लागली. तेव्हापासून कोणतीही मालिका सुधारली की ‘तिला दाढी फुटली’ असं म्हणतात.

महत्त्वाचा मुद्दा असा की, या मालिकेला दाढी फुटेपर्यंत वेळ मिळाला. ती कोणत्याही एका मोठ्या वाहिनीवर नव्हती. पॅरामाउंट ती थेट शेकडो स्थानिक वाहिन्यांना विकत होतं. याला सिंडिकेशन म्हणतात. आकडे पडले म्हणून दुसऱ्याच महिन्यात गाशा गुंडाळायला लावणारा वाहिनीचा साहेब तिथे नव्हता. मालिका सात सीझन आणि १७८ भाग चालली.

डीप स्पेस नाईन : भांडणाचं मुख्य मैदान

‘नेक्स्ट जनरेशन’ जोरात असतानाच ‘डीप स्पेस नाईन’ आली. रॉडनबेरी यांचं १९९१ मध्ये निधन झालं होतं. त्यांच्या पश्चात सुरू झालेली ही पहिली ‘स्टार ट्रेक’ मालिका.

रॉडनबेरी यांचा एक नियम होता. भविष्यातला माणूस सुधारलेला असेल, त्यामुळे यानावरच्या सहकाऱ्यांमध्ये क्षुद्र भांडणं दाखवायची नाहीत. नियम सुंदर होता, पण लेखकांच्या दृष्टीने अडचणीचा. माणसं भांडलीच नाहीत तर नाट्य आणायचं कुठून? रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी यातून वाट काढली. त्यांनी गोष्ट अशा जागी नेली जिथे सगळे एकाच पंथाचे नाहीत.

बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी अनेक दशकं कब्जा केला होता. ते निघून गेले आहेत, ग्रह उद्ध्वस्त झाला आहे आणि त्यांचंच जुनं स्थानक आता बजोरच्या ताब्यात आहे. ते चालवायला बेंजामिन सिस्को हा अधिकारी येतो. बायको लढाईत गेलेली, पदरात एक मुलगा. ही भूमिका एव्हरी ब्रुक्स यांनी केली आणि ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक कृष्णवर्णीय नट आला. त्याची सहकारी मेजर कीरा काल-परवापर्यंत बंडखोर होती, शत्रूच्या भाषेत दहशतवादी. स्थानकावर पैशाला चटावलेला बारमालक आहे, पूर्वी हेर असलेला शिंपी आहे. इथे भांडणं होणारच होती.

विरोधकांचं म्हणणं काय होतं? पहिलं, यात शोध नाही. दुसरं, यात फार काळोख आहे. रॉडनबेरींनी दाखवलेलं भविष्य आशेचं होतं, यात धर्म, राजकारण आणि पुढे तर सरळ युद्ध आलं. तिसरं, गोष्ट भागाभागांतून पुढे सरकत होती. एक आठवडा चुकला की पुढचं कळेना. त्या काळात व्हिडिओ कॅसेटवर भाग टेप करून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

चौथा आरोप चोरीचा होता. ‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळ स्थानकावरचीच मालिका त्याच सुमारास आली. तिचे कर्ते जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी आपली कल्पना आधी पॅरामाउंटलाही सांगितली होती. त्यामुळे दोन्हीकडच्या चाहत्यांमध्ये कोणी कोणाचं उचललं यावर वर्षानुवर्षं जुंपली. आज दोन्ही मालिका शेजारी ठेवून बघणाऱ्याला दिसतं की जागा सारखी असली तरी गोष्टी वेगळ्या आहेत.

समर्थकांचं उत्तर एका वाक्यात सांगता येईल. यान संकट सोडवून पुढच्या ग्रहावर निघून जातं, स्थानकाला परिणामांसोबत राहावं लागतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९९८ मधला ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग. आपली बाजू युद्ध हरत चालली आहे. रोम्युलन साम्राज्य सोबत आलं तरच टिकाव लागेल. सिस्को खोटा पुरावा तयार करायला संमती देतो. त्यातून एका सिनेटरचा खून होतो, खून झाल्यावर रोम्युलन युद्धात उतरतात आणि डाव यशस्वी होतो. शेवटी सिस्को हे सगळं आपल्या नोंदवहीत बोलून दाखवतो आणि मग ती नोंद पुसून टाकतो.

काही चाहत्यांसाठी हा ‘स्टार ट्रेक’चा सर्वोत्तम भाग आहे. काहींसाठी ‘स्टार ट्रेक’ जिथे संपलं तो क्षण. कर्क किंवा पिकार्डने असं केलं असतं का, यावर आजही तितक्याच तावातावाने बोललं जातं. दोन्ही गट एकच भाग बघून बोलतात हे विशेष. एकाला वाटतं, आदर्श हाच ‘स्टार ट्रेक’चा गाभा आहे आणि तो मोडला. दुसऱ्याला वाटतं, आदर्श खरा असेल तर तो कधीतरी अशा आगीतून जायलाच हवा.

‘नेक्स्ट जनरेशन’च्या तुलनेत ‘डीप स्पेस नाईन’चा प्रेक्षक दरवर्षी घटत गेला. चौथ्या सीझनमध्ये जुन्या मालिकेतला लोकप्रिय वॉर्फ आणून बसवला गेला, तो प्रेक्षक खेचण्यासाठीच. तरीही सिंडिकेशनच्या कृपेने तिलाही पूर्ण सात सीझन मिळाले. १७६ भागांची गोष्ट जून १९९९ मध्ये लेखकांना हवी तशी संपली.

व्हॉयेजर : घरी परतणाऱ्यांची गोष्ट

जानेवारी १९९५ मध्ये पॅरामाउंटने यूपीएन ही स्वतःची वाहिनी काढली आणि तिच्यासाठी ‘व्हॉयेजर’ आणली. ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलेलं यान, घरी पोचायला अंदाजे ७५ वर्षं आणि यानावर एकमेकांचे शत्रू असलेले दोन गट. कॅप्टन होती कॅथरीन जेनवे, म्हणजे केट मल्ग्रू. मालिकेच्या मुख्य कॅप्टनपदी पहिल्यांदाच स्त्री आली होती.

इथे तक्रार नेमकी उलटी होती. ‘डीप स्पेस नाईन’ फार बदलली म्हणून ओरड झाली, ‘व्हॉयेजर’ पुरेशी बदलली नाही म्हणून. दोन शत्रू गट काही भागांतच एका गणवेशात आले. एका आठवड्यात मोडलेलं यान पुढच्या आठवड्यात चकचकीत. रसद संपत आल्याची भीती बोलण्यापुरती. इतकी चांगली कल्पना वाया घालवली, असं टीकाकार आजही म्हणतात. ‘डीप स्पेस नाईन’चे एक लेखक रॉनल्ड मूर पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची नवी मालिका घेऊन आले. तिथे घर हरवलेल्या ताफ्याला पाणी, इंधन आणि माणसं मोजून वापरावी लागतात. ‘व्हॉयेजर’ने जे टाळलं तेच तिथे केंद्रस्थानी आलं.

पण गुणदोषांच्या या तक्त्यात न मावणारी एक गोष्ट आहे. एप्रिल २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रसद घेऊन एक यान पोचलं. त्यात कॉफीचं यंत्रही होतं. तेव्हा स्थानकावर असलेल्या इटलीच्या अंतराळवीर समांथा क्रिस्टोफोरेत्ती यांनी ‘व्हॉयेजर’मधला गणवेश घालून फोटो काढला. जेनवे कॉफीवेडी होती, हे माहीत असलेल्यांना विनोद लगेच कळला. ज्या मालिकेला समीक्षकांनी ‘सरधोपट’ म्हटलं, ती कुणासाठी तरी पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सोबत न्यावी इतकी जवळची होती.

वेळच न मिळालेल्या मालिका

२००१ मध्ये आलेली ‘एंटरप्राइझ’ ही प्रीक्वल चार सीझन आणि ९८ भागांनंतर २००५ मध्ये बंद झाली. तिचा चौथा सीझन सर्वांत चांगला असं चाहते म्हणतात, पण तोवर प्रेक्षक पांगले होते. शेवटच्या भागाने तर जखमेवर मीठ चोळलं. आपल्या पात्रांचा निरोप घ्यायचा, तर गोष्ट सांगितली गेली ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या रायकर आणि ट्रॉयच्या नजरेतून. स्वतःच्या लग्नात दुसऱ्यांनीच मिरवून जावं, तशी या मालिकेची गत झाली. १९८७ पासून सलग १८ वर्षं चाललेली टीव्हीवरची ‘स्टार ट्रेक’ त्या दिवशी थांबली.

‘स्टार ट्रेक’बाहेर याचं सर्वांत बोलकं उदाहरण ‘स्टारगेट युनिव्हर्स’चं आहे. १९९४ च्या चित्रपटावरून निघालेली ‘स्टारगेट एसजी-१’ दहा सीझन चालली. तिची स्पिन-ऑफ ‘स्टारगेट अटलांटिस’ पाच सीझन चालली. दोन्हींत साहस होतं आणि भरपूर विनोद. २००८ मध्ये ‘अटलांटिस’ बंद होत असल्याचं आणि ‘युनिव्हर्स’ येत असल्याचं जवळपास एकाच वेळी जाहीर झालं. ‘अटलांटिस’ची गोष्ट पुढे चित्रपटातून येईल असं सांगितलं गेलं, तो चित्रपट कधीच बनला नाही.

परिणाम असा की नवी मालिका सुरू होण्याआधीच तिच्यावर सवतीचा शिक्का बसला. ऑक्टोबर २००९ मध्ये ती आली तेव्हा तिचा सूरही वेगळा निघाला. लाखो वर्षं जुन्या यानावर अडकलेले, तयारी नसलेले, एकमेकांवर संशय घेणारे लोक. रॉबर्ट कार्लाइल यांचा डॉक्टर रश हा शास्त्रज्ञ हुशार आणि अजिबात भरवसा ठेवू नये असा. जुने चाहते म्हणाले, ही ‘गॅलॅक्टिका’ची नक्कल आहे, यात आमचं ‘स्टारगेट’ कुठे? नवा प्रेक्षक नाव बघूनच फिरकला नाही. त्याला वाटलं, आधीचे पंधरा सीझन बघितल्याशिवाय यात काही कळायचं नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये मालिका रुळावर आली असं आज तिच्यावर टीका करणारेही म्हणतात. पण वाहिनीने तिचा वार बदलला, प्रेक्षक आणखी घटले आणि डिसेंबर २०१० मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ४० भागांनंतर मे २०११ मध्ये ती संपली ती अशी : सगळे दीर्घ झोपेत गेले आहेत, एक यंत्र बिघडलं आहे आणि ते दुरुस्त करायला तरुण एलाय एकटा जागा आहे. त्याच्याकडे दोन आठवडे आहेत. त्याचं पुढे काय झालं, हे मालिकेने कधीच सांगितलं नाही.

‘गॅलॅक्टिका’ची प्रीक्वल ‘कॅप्रिका’ तर त्याआधीच, ऑक्टोबर २०१० मध्ये रद्द झाली होती. अंतराळयुद्धं बघायला आलेल्या प्रेक्षकाला तिथे दोन कुटुंबं, धर्म आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचं संथ नाट्य मिळालं. मालिका एकाच सीझनची राहिली.

मग वाद असतो तरी कशाचा?

इतकी उदाहरणं बघितल्यावर लक्षात येतं की भांडण साधारण चार प्रश्नांभोवती फिरतं.

१. मूळ मालिकेचा गाभा कोणता? पात्रं, यान, साहस की विचार? ज्याच्या मते गाभा पात्रांत आहे, त्याला पात्रं बदललेली खपत नाहीत. ज्याच्या मते गाभा विचारांत आहे, तो पात्रं बदलली तरी थांबतो.

२. सूर किती बदलावा? ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतून दोन टोकाच्या स्पिन-ऑफ निघाल्या. २००६ ची ‘टॉर्चवूड’ मोठ्यांसाठी होती, २००७ ची ‘सेरा जेन अॅडव्हेंचर्स’ मुलांसाठी. दोन्ही चालल्या, कारण कोणासाठी काय आहे ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं.

३. आधीच्या गोष्टीशी मेळ बसतो का? प्रीक्वलला हा प्रश्न जास्त छळतो. शंभर वर्षं आधीचं यान नंतरच्या यानापेक्षा आधुनिक दिसलं की चाहते पुरावे घेऊन बसतात.

४. हक्क कोणाचा? २००९ मध्ये ‘टॉर्चवूड’ने इआन्टो जोन्स हे लाडकं पात्र मारलं. चाहत्यांनी बीबीसीला निषेध म्हणून कॉफीची पाकिटं पाठवली, कारण इआन्टो सगळ्यांना कॉफी करून द्यायचा. कार्डिफच्या किनाऱ्यावर या काल्पनिक माणसाचं स्मारकच उभं राहिलं. पात्र मात्र परत आलं नाही.

यात एक पाचवी गोष्टही मिसळलेली असते. मुख्य पात्र स्त्री किंवा कृष्णवर्णीय असलं की काही जणांची टीका मालिकेवरून घसरून माणसावर जाते. जेनवेच्या वेळी हे झालं, २०१७ च्या ‘डिस्कव्हरी’तल्या मायकेल बर्नहॅमच्या वेळी समाज माध्यमांमुळे जास्त झालं. कथेतल्या खऱ्या उणिवांवर बोलणाऱ्यांचा आवाजही त्या गदारोळात हरवतो.

निकाल बदलतो कसा?

‘डीप स्पेस नाईन’ दर आठवड्याला एक भाग बघणाऱ्यांसाठी अवघड होती. डीव्हीडी आणि नंतर स्ट्रीमिंग आल्यावर तीच मालिका सलग बघता येऊ लागली. जो दोष वाटत होता, म्हणजे भागाभागांतून उलगडणारी लांबलचक गोष्ट, तो आता गुण ठरला, कारण बाकीच्या मालिकाही तशाच झाल्या होत्या. नव्या प्रेक्षकाच्या मनात ‘यान कुठे आहे’ हा प्रश्न नव्हता. त्याला ती स्वतंत्र मालिका म्हणूनच भेटली.

पण उशिरा मिळालेल्या न्यायाचीही किंमत असते. ‘नेक्स्ट जनरेशन’ मूळ फिल्मवरून पुन्हा तयार करून २०१२ ते २०१४ या काळात एचडी रूपात आणली गेली. काम खर्चिक होतं. ‘डीप स्पेस नाईन’ आणि ‘व्हॉयेजर’च्या वाट्याला ते आलं नाही. ‘डीप स्पेस नाईन’वर ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ हा माहितीपट २०१९ मध्ये आला, त्यासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली होती. त्या वर्गणीतूनच मालिकेतली काही दृश्यं एचडीमध्ये बघायला मिळाली. बाकी मालिका अजून धूसर चित्रातच आहे.

आज स्पिन-ऑफ पूर्वीपेक्षा जास्त निघतात आणि सीझन मात्र साधारण दहा भागांचे असतात. ‘डिस्कव्हरी’वर टीका झाली, पण तिच्या दुसऱ्या सीझनमध्ये आलेला कॅप्टन पाइक लोकांना इतका आवडला की चाहत्यांनीच त्याची मालिका मागितली. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ आली आणि तिने दर आठवड्याला नवी गोष्ट ही जुनी पद्धत परत आणली. नावडत्या मालिकेच्या पोटी लाडकी मालिका जन्माला आली.

दुसरीकडे, मुलांसाठीची ‘प्रॉडिजी’ ही अॅनिमेशन मालिका २०२३ मध्ये पॅरामाउंटने स्वतःच्याच स्ट्रीमिंग सेवेवरून काढून टाकली. चाहत्यांनी आवाज उठवला, नंतर नेटफ्लिक्सने ती घेतली आणि २०२४ मध्ये तिचा दुसरा सीझन दाखवला. पूर्वी बंद पडलेली मालिका निदान जुन्या कॅसेटवर तरी उरायची. स्ट्रीमिंगच्या काळात ती एका रात्रीत दिसेनाशी होऊ शकते.

म्हणूनच या वादाला चहाच्या पेल्यातलं वादळ म्हणता येत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चाहते जे बोलतात, ते आता वाहिनीच्या आकड्यांत लगेच उमटतं. ‘नेक्स्ट जनरेशन’चे पहिले दोन सीझन आजच्या हिशेबाने बघितले गेले असते तर पिकार्ड आणि बोर्गपर्यंत गोष्ट पोचली असती का, याची शंकाच आहे. ‘डीप स्पेस नाईन’चे चाहते म्हणूनच नव्या मालिकेवर तुटून पडणाऱ्यांना एक सल्ला देतात : नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण तिसऱ्या सीझनपर्यंत थांबा. ‘स्टारगेट युनिव्हर्स’चे चाहते मात्र यावर गप्प राहतात. त्यांच्या मालिकेला तिसरा सीझन मिळालाच नाही.